जंपसीटवरचा पाहुणा आणि कॅप्टनची परवानगी

पुष्पक (धागाकर्ता)

गेली अकरा वर्षे मी अमेरिकेत एका प्रादेशिक विमानकंपनीत नोकरी करतो आहे आणि त्यांपैकी शेवटची चार वर्षे कॅप्टन म्हणून उडतो आहे. घर शार्लटला आणि बेस, म्हणजे जिथून माझी उड्डाणे सुरू होतात ते ठिकाण, नेवार्कला, त्यामुळे कामावर हजर व्हायचे तर आधी दुसऱ्याच्या विमानात जागा मिळवावी लागते. मागे जागा रिकामी असली तर उत्तमच. नसली तर कॉकपिटच्या दाराशी असलेल्या घडीच्या खुर्चीवर, जिला आम्ही सगळे जंपसीट म्हणतो, बसून जायचे.

या खुर्चीचे तिकीट निघत नाही. गेटवरचा कर्मचारी कॅस नावाच्या प्रणालीत तुमची माहिती भरतो, पडद्यावर तुमचे छायाचित्र आणि मंजुरी उमटते, तो एक चिठ्ठी हातात देतो आणि ती घेऊन तुम्ही विमानाच्या दारात केबिन क्रूला नमस्कार करून कॉकपिटपाशी जाता. तिथे कंपनीचे ओळखपत्र, परवाना आणि वैद्यकीय प्रमाणपत्र दाखवून कॅप्टनला विचारायचे की आपल्याबरोबर येऊ का. उत्तर बहुतेक वेळा "या, बसा" असेच असते, पण विचारायचे हा शिरस्ता आहे.

मागच्या आठवड्यात कोलंबसहून नेवार्कला येणारे संध्याकाळचे उड्डाण माझ्याकडे होते. शहात्तर आसने, सगळी भरलेली. दार बंद व्हायला पाच-सहा मिनिटे असताना एका मोठ्या कंपनीचे कॅप्टन आत आले. पन्नाशी उलटलेली, खांद्यावर चार पट्ट्या, एका कानात इयरफोन. आमच्याकडे न पाहता त्यांनी बॅग कोपऱ्यात सरकवली, चिठ्ठी मधल्या कन्सोलवर टाकली, खुर्चीची घडी स्वतःच उघडली आणि माझ्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकाला, "आज हवा कशी आहे?" असे विचारले. मी त्यांना बाहेर जाऊन पुन्हा आत येण्यास सांगितले. ते म्हणाले, "तुझ्याकडे परवाना नव्हता तेव्हापासून मी कॅप्टन आहे." मी म्हटले, "असाल, पण या विमानाचा आज मी आहे." ते गॅलीत गेले, लालबुंद चेहऱ्याने परत आले, विचारले आणि बसले. पुढचा सव्वा तास कॉकपिटमध्ये कामापुरते शब्द सोडले तर कोणी काही बोलले नाही. उतरताना त्यांनी आभारही मानले नाहीत.

माझ्या फर्स्ट ऑफिसरचे म्हणणे असे पडले की एका वाक्यासाठी मी एका ज्येष्ठ माणसाचा पाणउतारा केला. येथे या क्षेत्रातले आणि बाहेरचेही सदस्य आहेत, म्हणून विचारतो: मी कॅप्टन म्हणून वागलो की माझा अहंकार दुखावला होता?

शंकासुर

मी विमानात फक्त खिडकीशेजारी बसणारा माणूस आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर क्षमा असावी. संगणकाने त्या गृहस्थांना मंजूर केले, गेटवर चिठ्ठी मिळाली, मग तिसऱ्यांदा विचारायचे कशासाठी? लग्नाची पत्रिका हातात असताना पंगतीत पाट ओढण्यापूर्वी पुन्हा वधूपित्याला "बसू का?" असे विचारण्यासारखे हे झाले.

वकीलकाका

शंकासुर, उपमा चविष्ट आहे पण कायद्याच्या अंगाने लंगडी आहे. अमेरिकेच्या विमानविषयक नियमावलीतले कलम ९१.३ सांगते की विमानाच्या संचालनाची थेट जबाबदारी आणि अंतिम अधिकार प्रमुख वैमानिकाचा आहे. कलम १२१.५४७ मध्ये कॉकपिटमध्ये कोणाला प्रवेश द्यावा याची यादी आहे, आणि त्याच कलमात हेही नमूद आहे की सुरक्षिततेसाठी कोणालाही कॉकपिटबाहेर ठेवण्याचा कॅप्टनचा आपत्कालीन अधिकार या यादीने कमी होत नाही. म्हणजे कॅसची मंजुरी एवढेच सांगते की हा माणूस खरोखर अमुक कंपनीचा वैमानिक आहे. तो आज या विमानात यावा की नाही, याविषयी संगणकाला मत नाही.

एक गंमत सांगतो. एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेचा, निरीक्षक आपले अधिकृत ओळखपत्र दाखवून आला तर कलम १२१.५४८ नुसार त्याला कॉकपिटमध्ये विनाअडथळा प्रवेश द्यावाच लागतो. तरीही माझ्या ओळखीचे वैमानिक सांगतात की जाणते निरीक्षक दारात थांबतात आणि "कॅप्टन, आज मी तुमच्याबरोबर येतो आहे, चालेल ना?" असे म्हणूनच आत पाऊल टाकतात. ज्याला हक्क आहे तोही विचारतो, तर ज्याच्याकडे केवळ सवलत आहे त्याने विचारण्यात कमीपणा कसला?

रिझर्व्हवाला

पुष्पक सर, मी तुमच्या बाजूचा आहे, परंतु माझे मत निःपक्षपाती नाही, कारण मी या उतरंडीत सर्वांत खालच्या पायरीवर उभा आहे. नोकरीला दीड वर्ष झाले आहे, रिझर्व्हवर (ऐनवेळी बोलावले की हजर व्हायचे) असतो, आणि न्यूयॉर्कच्या क्यू गार्डन्समध्ये एका क्रॅशपॅडवर, म्हणजे क्रूने मिळून भाड्याने घेतलेल्या मुक्कामाच्या जागेत, नऊ जणांत मिळून एक न्हाणीघर वापरतो. (त्या भागाला इथे क्रू गार्डन्स म्हणतात ते उगाच नाही.) महिन्यातून सहा-सात वेळा जंपसीट मागतो आणि प्रत्येक वेळी दारात उभा राहिलो की दहावीच्या तोंडी परीक्षेला उभा असल्यासारखा घसा कोरडा पडतो.

ज्यांनी ही खुर्ची पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोइंग सातशे सदतीसमध्ये ती भिंतीतून ओढून दाराच्या वाटेवर आडवी उघडतात. म्हणजे तुम्ही बसलात की बाहेर जायची वाट तुमच्याच पाठीशी बंद होते. गुडघे कन्सोलला टेकतात, पाठ ताठ ठेवावी लागते, आणि समोर हातभर अंतरावर इंजिनांचे थ्रॉटल असतात. कॅप्टन ऑक्सिजनचा मुखवटा कुठे आहे, खांद्याचे पट्टे कसे लावायचे, खिडकीतून दोरीने बाहेर कसे पडायचे हे समजावून सांगतो. आपण शंभरदा ऐकलेले असले तरी शंभर-एकाव्यांदा मान हलवून ऐकायचे असते. दहा हजार फुटांच्या खाली कामाव्यतिरिक्त एक शब्द बोलायचा नाही. फोन खिशात, आणि तोही बंद. दुसऱ्याच्या उतरण्यावर शेरा मारायचा नाही, आपटले तरी नाही.

कडवट_कॉफी

आपटले तर "जमीन सापडली एकदाची" एवढे म्हणण्याची सवलत मी माझ्या पाहुण्यांना देतो. मात्र ते वाक्य मी आधी म्हणायचे असते.

मालवाहू

मी मालवाहू विमाने उडवतो. आमच्याकडे मागे प्रवासी नसतात, त्यामुळे रात्री अडीच वाजता कॉकपिटच्या मागच्या खुर्च्यांवर कोण बसले आहे, हा आमच्यासाठी शिष्टाचाराचा प्रश्न कधीच नव्हता.

७ एप्रिल १९९४ रोजी मेम्फिसहून कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला निघालेल्या फेडेक्सच्या ७०५ क्रमांकाच्या डीसी-१० विमानात त्याच कंपनीचा एक फ्लाइट इंजिनिअर जंपसीटवर आला होता. त्याच्यावर शिस्तभंगाची सुनावणी होणार होती. गिटारच्या पेटीत त्याने हातोडे आणि मासे मारायची भाल्याची बंदूक आणली होती. उड्डाणानंतर थोड्याच वेळात त्याने तिन्ही वैमानिकांच्या डोक्यांवर हातोड्याने घाव घातले. सहवैमानिकाने कवटी फुटलेल्या अवस्थेत ते अवाढव्य विमान अक्षरशः उलथेपालथे केले, जेणेकरून हल्लेखोराला पायावर उभे राहता येऊ नये. आणि कॅप्टनने नंतर ते मेम्फिसला परत उतरवले. तिघेही वाचले, परंतु पुन्हा व्यावसायिक उड्डाणासाठी त्यांना कधी मान्यता मिळाली नाही. हे माहीत असलेला कॅप्टन पाहुण्याकडे मान वळवून पाहतो, तेव्हा त्यात अहंकार शोधू नये.

शंकासुर

मालवाहू साहेब, वाचून अंगावर काटा आला. पण हे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. तो मनुष्य त्याच कंपनीचा होता आणि रीतसर आत आला होता. विचारल्याने काहीच अडले नाही. मग पुष्पक यांनी त्या ज्येष्ठांना बाहेर पाठवून नेमके काय साधले?

ढगाळ

शंकासुर यांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मी फर्स्ट ऑफिसर आहे, सिॲटलला राहते, आणि आमच्याच भागातली अलीकडची घटना सांगते. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या होरायझन या विमानकंपनीच्या २०५९ क्रमांकाच्या विमानात अलास्का एअरलाइन्सचा एक वैमानिक जंपसीटवर होता. दोघा वैमानिकांशी त्याच्या साध्या गप्पा झाल्या. मग अचानक "मी बरा नाही" असे म्हणून त्याने डोक्यावरच्या पॅनेलवरच्या, आग लागल्यास इंजिनांचा इंधनपुरवठा तोडण्यासाठी असलेल्या मुठी ओढल्या. वैमानिकांनी त्याचे हात धरले, मुठी पूर्ववत केल्या, इंजिने बंद पडली नाहीत, आणि विमान पोर्टलंडला उतरवले. कित्येक दिवस तो नीट झोपला नव्हता आणि दोन दिवसांपूर्वी त्याने मतिभ्रम करणारी अळंबी खाल्ली होती, हे नंतर उघड झाले. त्याने रीतीप्रमाणे सगळे केले होते. तेव्हा केवळ "विचारले" म्हणजे माणूस ठीक आहे असे धरून चालणे भाबडेपणाचे आहे, हे मला मान्य आहे.

पण या अधिकाराची दुसरी बाजूही मी पाहिली आहे, आणि ती इथे कोणी मांडलेली नाही. तीन वर्षांपूर्वी एका कॅप्टनने माझे ओळखपत्र तीनदा मागितले. दोनदा आडनाव मोठ्याने वाचून पाहिले. माझ्या मागोमाग आलेल्या गोऱ्या वैमानिकाला त्याने एकदाही कार्ड न मागता मागची रिकामी जागा दिली आणि मला "आज नको" असे सांगितले. कारण विचारले तर म्हणाला, कारण सांगण्यास मी बांधील नाही. कायद्याने त्या क्षणी तो बरोबर होता. मी टर्मिनलमध्ये परत आले आणि पुढच्या उड्डाणाची वाट पाहत चार तास बसले. त्या दिवसापासून "अंतिम अधिकार" हा शब्द कोणी छाती फुगवून उच्चारला की मी जरा सावध होते.

आणि पुष्पक, एक प्रश्न तुम्हाला. ते गृहस्थ बाहेर जाऊन परत आले, त्यांनी विचारले, तुम्ही "बसा" म्हणालात. त्यानंतर तुम्ही त्यांना काही विचारले का?

कडवट_कॉफी

ढगाळ यांचा अनुभव चीड आणणारा आहे. मात्र नकाराचा हा अधिकार वैमानिकांनी एकमेकांवर सूड उगवण्यासाठीही वापरलेला आहे, आणि तोही वर्षानुवर्षे. १९८३ ते १९८५ या काळात कॉन्टिनेन्टल या विमानकंपनीत वैमानिकांचा संप चालला, १९८५ मध्ये युनायटेडमध्ये २९ दिवसांचा संप झाला. त्या संपांत जे फुटून कामावर गेले, त्यांची नावे लोकांनी याद्या करून आपल्या फ्लाइट बॅगांत ठेवली. मी या देशात नवा असताना एका वृद्ध कॅप्टनची तशी यादी पाहिली आहे. झेरॉक्सची झेरॉक्स, कडा दुमडून मऊ झालेल्या, काही नावांपुढे पेन्सिलीने फुली मारलेली. मी विचारले, "फुली म्हणजे माफ केले?" ते म्हणाले, "नाही, वारले." दारात एखादा पाहुणा उभा राहिला की ते चष्मा लावून आधी यादी बघत आणि मग चेहरा.

संपफोड्याला गाडीत न घेण्याची भावना गिरणगावातल्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. तरीही सुरक्षिततेसाठी दिलेला अधिकार जुना हिशेब चुकवायला वापरावा का, याचे उत्तर मला आजतागायत सापडलेले नाही. तसे पाहिले तर ज्याच्याविषयी मनात इतका राग आहे त्याला पाठीमागे बसवून विमान उडवणे हेही कितपत सुरक्षित, असा युक्तिवाद ते करीत, आणि तो अगदीच पोकळ नव्हता.

एसटीचा_पोरगा

वडील एसटीत चालक होते. सुटीवर असताना दुसऱ्याच्या गाडीने जायचे झाले तर ते सरळ आत चढत नसत. आधी चालकाच्या खिडकीखाली उभे राहून "दादा, येऊ का?" असे विचारत. मी लहानपणी म्हणालो होतो की तुम्ही त्यांच्यापेक्षा सीनियर आहात. ते म्हणाले, "स्टेअरिंग त्याच्या हातात आहे." आणि गिअर कितीही खरखरला तरी ते खिडकीबाहेर बघत बसायचे. "वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये" ही पाटी त्यांनी स्वतःलाही लावून घेतली होती.

निवृत्त_नभचर

एसटीचा पोरगा, आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा.

मी मुंबईला बेस असलेला, पुण्यात राहणारा वैमानिक होतो. द्रुतगती मार्ग हीच माझी जंपसीट. माझ्या नोकरीच्या काळात परक्या कंपनीच्या कॉकपिटमध्ये बसून कामावर जाण्याची अमेरिकेसारखी सोय आपल्याकडे नव्हती. आपल्याच कंपनीचा वैमानिक आला तर त्याची नोंद अतिरिक्त क्रू म्हणून, एसीएम या आद्याक्षरांनी होत असे. त्यामुळे भारतातली कॉकपिटची चर्चा बहुधा नको त्या पाहुण्यांविषयीच असते. २०२३ च्या फेब्रुवारीत दिल्ली-दुबई उड्डाणात वैमानिकाने मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवल्याबद्दल भारताच्या विमान नियामक डीजीसीएने त्याचा परवाना तीन महिने निलंबित केला आणि एअर इंडियाला ३० लाख रुपयांचा दंड केला. कॅप्टनच्या अधिकारालाही कुंपण असते, हे त्या निमित्ताने तरुणांना कळले असावे: नकार देण्याचा अधिकार जवळजवळ अमर्याद, होकार देण्याचा मात्र नाही.

परंतु या धाग्यात पाहुण्याकडे केवळ धोका म्हणून पाहिले जात आहे, ते मला पटत नाही. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडच्या २३२ क्रमांकाच्या डीसी-१० चे मधले इंजिन फुटले आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. कंपनीचे प्रशिक्षक डेनी फिच प्रवासी म्हणून मागे बसले होते. ते धावत कॉकपिटमध्ये घुसले नाहीत. हवाई सेविकेबरोबर त्यांनी कॅप्टन अल हेन्स यांना निरोप पाठवला की माझी मदत होणार असेल तर मी आहे. हेन्स यांनी बोलावले. मग फिच दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये बसून केवळ थ्रॉटल कमी-जास्त करीत विमान वळवत राहिले. सू सिटीला ते विमान धावपट्टीवर कोसळले, पण २९६ जणांपैकी १८४ वाचले.

दुसरे उदाहरण अधिक जिव्हारी लागणारे. २८ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री डेनपसारहून जकार्ताला जाणाऱ्या लायन एअरच्या ७३७ मॅक्सचे नाक आपोआप खाली जाऊ लागले. कॉकपिटमध्ये तिसरा वैमानिक पाहुणा म्हणून बसलेला होता आणि त्या गोंधळात त्याची मदत झाली. नाक खाली दाबणाऱ्या स्वयंचलित ट्रिमची बटणे बंद करून विमान जकार्ताला पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान निघाले, तेव्हा मागची खुर्ची रिकामी होती. १८९ जण गेले. खुर्ची रिकामी होती म्हणून ते गेले असे मी म्हणणार नाही. कारणे यंत्रात आणि कारखान्यात होती. पण हातावर नियंत्रणाचा भार नसलेला तिसरा माणूस पाठीमागून पाहू शकतो, हे त्या दोन उड्डाणांनी दाखवले. म्हणूनच मी एसीएमला नेहमी सांगत असे, "गप्प बसा, पण काही खटकले तर गप्प बसू नका."

कडवट_कॉफी

सर, हे शेवटचे वाक्य लग्न झालेल्या प्रत्येक पुरुषाने ऐकलेले आहे.

गेटवरची

मी शिकागोत एका गेटवर उभी असते आणि तुम्ही सगळे ज्या चिठ्ठीविषयी बोलता ती मीच छापते, तेव्हा माझेही चार शब्द ऐकून घ्यावेत. वैमानिकांचे शिष्टाचार कॉकपिटच्या दारात सुरू होतात असा तुमचा समज दिसतो. ते माझ्या काउंटरपाशी सुरू होतात. उड्डाणाला तासभर असताना येऊन, रांगेतल्या प्रवाशांना पुढे जाऊ देऊन, कार्ड हातात तयार ठेवून बोलणारा एक. आणि दार बंद व्हायच्या दहा मिनिटे आधी फोन कानाला लावून, भुवयांनीच "जंपसीट" असे सुचवणारा दुसरा.

उन्हाळ्यातल्या दुपारी लहान विमानावर वजनाची मर्यादा येते आणि संगणक मला सांगतो की जंपसीटवर कोणी नको. अशा वेळी काही कॅप्टन स्वतः विमानाला जोडलेल्या पुलावरून चालत वर येतात, उड्डाणाचे नियोजन करणाऱ्या डिस्पॅचरला फोन लावून इंधनाचा आणि वजनाचा हिशेब पुन्हा करायला लावतात, आणि त्यांच्यासाठी अनोळखी असलेल्या कोणा वैमानिकाला घेऊन जातात. नियमाने त्यांना हे करावे लागत नाही. कॅप्टनच्या अधिकाराविषयी इथे इतके लिहिले गेले, त्यात हे कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते.

आणि पुष्पकजी, एक बारीकशी गोष्ट. दार बंद होताना धापा टाकत येणारा जंपसीटर बहुतेक वेळा त्या दिवशीचा पहिला प्रयत्न करीत नसतो. आधीच्या एक-दोन विमानांनी त्याला सोडून दिलेले असते. तो आणि मी दोघेही त्या वेळेपर्यंत पुरते वैतागलेले असतो. उद्धटपणाचे समर्थन करीत नाही, पण चेहरा लाल होण्याआधीही तो कदाचित लालच असेल.

रिझर्व्हवाला

गेटवरची ताई म्हणतात त्यावरून कोल्गन या प्रादेशिक कंपनीच्या ३४०७ क्रमांकाच्या उड्डाणाची आठवण झाली. १२ फेब्रुवारी २००९ रोजी ते विमान बफेलोजवळ पडले, जमिनीवरच्या एकासह ५० जण गेले. त्यातली फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिॲटलहून मालवाहू विमानाने मेम्फिसला आणि तिथून दुसऱ्या मालवाहू विमानाने नेवार्कला आली होती. म्हणजे बेसवर पोचायलाच अख्खी रात्र गेली. कॅप्टनही फ्लोरिडाहून ये-जा करीत असे. चौकशीत मुख्य कारण कॅप्टनने स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपत असल्याच्या, इशाऱ्याला दिलेला चुकीचा प्रतिसाद हेच ठरले, पण ये-जा आणि थकवा हे विषय त्यानंतर कायमचे चर्चेत आले. आम्हाला प्रशिक्षणात तो अपघात शिकवतात आणि त्याच संध्याकाळी आम्ही सगळे जंपसीट शोधायला गेटवर जातो. ज्याला मी दारात उभा राहून "येऊ का" विचारतो, तो खरे तर मला "झोपलास का?" असे विचारू शकतो. आजवर दोघांनीच विचारले.

वकीलकाका

त्या दोघांना काय उत्तर दिलेस?

रिझर्व्हवाला

एकाला खरे सांगितले. त्याने मागे रिकामी असलेली जागा मला दिली आणि हवाई सेविकेला सांगितले की याला उतरेपर्यंत उठवू नका. दुसऱ्याला "हो, छान झोप झाली" असे सांगितले.

पुष्पक (धागाकर्ता)

चार दिवस उड्डाणांवर होतो, म्हणून उशिरा लिहितो आहे. सर्वांचे प्रतिसाद हॉटेलात बसून दोनदा वाचले.

ढगाळ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर: नाही, मी त्यांना काहीच विचारले नाही. त्यांनी ठरलेले वाक्य उच्चारले, माझे समाधान झाले, मी "बसा" म्हणालो आणि पुढे पाहू लागलो. सुरक्षेची सूचनाही मी दिली ती समोरच्या काचेकडे बघत. त्यांची चिठ्ठी कन्सोलवर होती. उतरल्यावर ती फाडताना पाहिले तर त्यावर गेटवरच्या कोणी तरी पेनाने लिहिलेले होते की हे दुपारपासूनच्या दोन उड्डाणांतून राहिले आहेत. पहिल्या पोस्टमध्ये मी हे लिहिले नाही. तेव्हा ते महत्त्वाचे वाटले नव्हते, असे म्हणायला आवडेल. पण खरे कारण असे की ते लिहिले असते तर माझी बाजू थोडी कच्ची पडली असती.

शंकासुर यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी आता देऊ शकतो. विचारण्याने माणूस अडत नाही, हे खरे. पण विचारायला तो दारात थांबतो, आणि तेवढे वीसेक सेकंद मला त्याच्याकडे नीट पाहता येते: डोळे, हात, श्वासाला वास, बोलण्यातली संगती. ते वीस सेकंद मिळावेत म्हणून त्यांना बाहेर पाठवणे योग्यच होते, आजही तसेच करीन. मात्र ते परत आले तेव्हा मी त्यांच्या तोंडचे वाक्य ऐकले आणि चेहरा पाहिलाच नाही. ज्या कामासाठी अधिकार वापरला तेच काम केले नाही. माझा फर्स्ट ऑफिसर ज्याला पाणउतारा म्हणत होता तो बहुधा हाच होता.

काल सकाळच्या उड्डाणाला एक मुलगी जंपसीटसाठी आली, नोकरीला जेमतेम वर्ष झालेली. मी चेकलिस्ट मांडीवर उपडी ठेवली, पट्टा सैल करून पूर्ण मागे वळलो आणि तिला विचारले, "कुठून आलात, आणि कधीपासून निघाला आहात?" ती गोंधळली. म्हणाली, "सर, काही चुकले का?"

ढगाळ

तिला आधी कोणी असे विचारले नसेल, म्हणून. मला आवडले.

मालवाहू

मला अजूनही वाटते की तुम्ही त्या गृहस्थांना न्यायलाच नको होते. "तुझ्याकडे परवाना नव्हता तेव्हापासून" असे म्हणणारा माणूस माझ्या पाठीमागे बसत नाही. थकलेला असो वा नसो. थकलेला असेल तर अधिकच नाही.

निवृत्त_नभचर

मालवाहू, मीही तुमच्या वयात असतो तर हेच म्हणालो असतो. आता वाटते, नेले ते ठीक झाले. नाही तर ते रात्रभर कोलंबसच्या बाकावर बसले असते आणि सकाळी कुणा प्रवाशांचे विमान घेऊन उडाले असते.

रिझर्व्हवाला

एक व्यावहारिक शंका आहे. उद्या पहाटे लागार्डियाहून शिकागोला जायचे आहे आणि विमान भरलेले आहे. क्रूसाठी काही घेऊन जावे असे सगळे सांगतात. इथले लोक चॉकलेट नेतात. आईने पाठवलेला पातळ पोह्यांचा चिवडा घरात आहे. तो नेला तर चालेल का?

गेटवरची

शेंगदाणे निवडून काढा, कोणाला वावडे असेल तर सांगता येत नाही. मूठभर वेगळा पुडा गेटसाठी राहू द्या. शेंगदाण्यांसकट.